ग्लेन रोव्हर्स

आयर्लंडच्या दक्षिण भागातील कॉर्क शहराचा एक प्रसिद्ध हर्लिंग क्लब. स्थापना १९१६. शहराच्या उत्तरेकडील ब्लॅकपूल या कामगारवस्तीत तो उदयास आला. त्याच वस्तीतील सेंट निकोलस हा गेलिक फुटबॉलचा क्लब त्याचे जुळे भावंड मानला जातो. कागदोपत्री हे दोन क्लब असून त्यांची नावेही वेगळी आहेत. खेळाडू, घराणी व पाठीराखे मात्र बव्हंशी एकच. कॉर्क काउंटीच्या वरिष्ठ हर्लिंग स्पर्धेचे विजेतेपद ग्लेन रोव्हर्सने १९३४ ते २०१६ या काळात २७ वेळा मिळविले. त्यांपैकी पहिली आठ विजेतेपदे १९३४ ते १९४१ अशी सलग असून या पराक्रमाची बरोबरी त्या काउंटीतील अन्य क्लबांना करता आलेली नाही. क्लबच्या इतिहासाचे महत्त्व मात्र केवळ या संख्येत नाही. पायी फिरून संपेल एवढ्या वस्तीने आपली सारी शक्ती एका खेळात कशी ओतली आणि ती वस्ती पांगू लागल्यावर तिच्या क्लबची काय गत झाली, हे या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळते.

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन देशी खेळ. ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी पसरट व किंचित वळलेली काठी (हर्ली) आणि ‘स्लिटर’ नावाचा लहान, कातडी आवरणाचा चेंडू एवढीच त्याची साधने. हॉकीशी त्याचे साम्य वरवरचे आहे. येथे चेंडू हाताने झेलता येतो, काठीच्या पात्यावर तोलून धावता येते आणि तो हवेत असतानाच फटकावणे हे तर कौशल्याचे लक्षण समजले जाते. मैदान १३० ते १४५ मी. लांब व ८० ते ९० मी. रुंद असते, प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. गोलाचे खांब आडव्या दांडीच्या बरेच वर गेलेले असतात. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेल्यास गोल होतो व त्याचे तीन गुण धरतात. दांडीवरून खांबांमधून गेल्यास एक गुण मिळतो. गोल व गुण वेगवेगळे लिहिण्याची प्रथा असल्याने ३-३ म्हणजे तीन गोल व तीन गुण, एकूण १२ गुण. गेलिक फुटबॉल हा हात व पाय या दोहोंनी खेळावयाचा खेळ असला, तरी मैदान, खेळाडूंची संख्या व गुणांची मूळ पद्धत हर्लिंगचीच आहे. त्यामुळे एकाच वस्तीतील त्याच तरुणांना दोन्ही खेळ खेळता येतात. जुळ्या क्लबांच्या व्यवस्थेचे मूळ या साध्या सोयीत आहे.

या दोन्ही खेळांची सूत्रे १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्झ येथे स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या संघटनेकडे आहेत. मायकेल क्यूसॅक व मॉरिस डॅव्हिन हे तिचे प्रमुख संस्थापक. ब्रिटिश सत्तेबरोबर आलेल्या खेळांच्या रेट्याखाली देशी खेळ नामशेष होतील, या भीतीतून ती निघाली. तिची रचना क्लब, काउंटी, प्रांत व अखिल आयर्लंड अशी चढत जाते आणि पाया क्लबचा असतो. क्लबमधून निवडलेले खेळाडू काउंटीच्या संघातून खेळतात. परंतु कोणासही खेळाबद्दल वेतन मिळत नाही. खेळाडू राहतो तेथील, म्हणजे साधारणतः आपल्या पॅरिशच्या (चर्चच्या कक्षेतील वस्तीच्या) क्लबमधून खेळतो. अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर उतरलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी ट्रक चालवीत असे किंवा वर्गात शिकवीत असे, यात त्या देशात कोणाला काही नवल वाटत नाही.

कॉर्क शहर ली नदीने विभागलेले आहे. दक्षिणेकडे ब्लॅकरॉक (स्थापना १८८३) व सेंट फिनबार्स (स्थापना १८७६) हे क्लब ग्लेनच्या कितीतरी आधी नावारूपास आले होते. उत्तरेकडील चढणीवर शँडन चर्चचा घंटामनोरा, त्याच्या पायथ्याशी एकेकाळी जगप्रसिद्ध असलेली व १९२४ मध्ये बंद पडलेली लोण्याची बाजारपेठ आणि तेथून उतरत गेले की ब्लॅकपूल. कातडी कमावण्याचे कारखाने, मद्यनिर्मितीच्या भट्ट्या, बीअरचे कारखाने, पुढे कापडगिरणी यांवर जगणारी ही वस्ती. दाट घरे, अरुंद गल्ल्या, मोठी कुटुंबे. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाची नॉर्थ मोनॅस्टरी शाळा (बोलीत ‘नॉर्थ मॉन’) तेथून पायी सहज पोहोचता येईल अशा अंतरावर. या शाळेत हर्लिंग जवळजवळ विषयासारखेच शिकवले जाई. वर्गातून सुटलेली मुले गल्लीत खेळत, गल्लीतली मुले पुढे क्लबात येत, आणि दिवसभर ज्यांच्याबरोबर कारखान्यात काम केले त्यांच्याबरोबरच संध्याकाळी सराव होई. ग्लेन रोव्हर्सच्या पुढील यशाची कारणे शोधताना कोणा एका शिक्षकाचे किंवा खेळाडूचे नाव घेण्यापेक्षा या दाटीचा आधी विचार करणे युक्त ठरेल. ‘ग्लेन’ म्हणजे दरी. वस्तीच्या कडेला असलेल्या याच नावाच्या दरीवरून क्लबला ते नाव मिळाले.

क्लबचा जन्म ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी ईस्टरच्या सप्ताहात डब्लिनमध्ये स्वातंत्र्याचा उठाव झाला. ब्लॅकपूलमध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या गेलिक लीगची शाखा विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच कार्यरत होती व टोमास मॅक कर्टन हा तिचा चिटणीस होता. जानेवारी १९२० मध्ये तो कॉर्कचा महापौर झाला. २० मार्च १९२० रोजी, त्याच्या वाढदिवशीच पहाटे, चेहरे काळे केलेल्या माणसांनी ब्लॅकपूलमधील त्याच्या घरात शिरून त्याला गोळ्या घातल्या. मृत्युचौकशीच्या ज्यूरीने या हत्येबद्दल पोलीस दलाबरोबर ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनाही दोषी धरले. मॅक कर्टनच्या जागी आलेला टेरेन्स मॅकस्विनी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून २५ ऑक्टोबर रोजी मरण पावला. त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, २१ नोव्हेंबरला, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर चालू असलेल्या फुटबॉल सामन्यावर सरकारी दलांनी गोळीबार केला. त्यात एका खेळाडूसह १४ जण बळी पडले. डिसेंबरात कॉर्क शहराचा मध्यभाग जाळण्यात आला. ब्लॅकपूलमधील तरुणांच्या क्लबने या वातावरणात आपली पहिली वर्षे काढली. देशी खेळ खेळणे ही त्या पिढीच्या दृष्टीने राष्ट्रीय निष्ठेची खूण होती, आणि या निष्ठेची दुसरी, कठोर बाजूही होती. क्रिकेट, रग्बी, सॉकर वा हॉकी खेळणाऱ्यास, इतकेच नव्हे तर पाहणाऱ्यासही, संघटनेत स्थान नव्हते. गेलिक लीगचा संस्थापक व आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हा १९३८ मध्ये राष्ट्रप्रमुख या नात्याने एका सॉकर सामन्यास उपस्थित राहिला, म्हणून संघटनेने त्याचे आश्रयदातेपद काढून घेतले. हा नियम १९७१ पर्यंत टिकला. त्यामागील तर्क समजण्यासारखा असला, तरी हाइडसारख्या माणसावर तो चालवावा, यात विवेकापेक्षा हट्टाचाच भाग अधिक होता.

कनिष्ठ श्रेणींतून वर येत ग्लेन रोव्हर्सने १९३४ मध्ये काउंटीचे वरिष्ठ विजेतेपद प्रथमच पटकावले. जुन्या, मान्यवर क्लबांच्या शहरात हा उपटसुंभ विजय एखाद्या वर्षापुरता ठरेल अशी अपेक्षा कोणी बाळगली असल्यास ती फोल ठरली; पुढील सात वर्षेही चषक ब्लॅकपूलबाहेर गेला नाही. या काळात क्लबच्या संघातील बहुतेक खेळाडू शेजारच्या गल्ल्यांतले होते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक वाईट दिवस पुरेसा असतो, आणि सलग आठ वर्षे तसा दिवस येऊ न देणे हे केवळ कौशल्याने साधत नाही. नव्या खेळाडूंचा पुरवठा न आटणे ही त्याची पहिली अट. १९३४ च्या संघातील माणसे १९४१ पर्यंत वयाने उताराला लागली होती. तरी ब्लॅकपूलची मुले त्यांच्या जागा भरीत राहिली. कॉर्क काउंटीत विजेत्या क्लबाने पुढील वर्षीच्या काउंटी संघाचा कर्णधार सुचवावा, असा सर्वसाधारण प्रघात होता. त्यामुळे क्लबचे वर्चस्व शहरापुरते न राहता देशभर दिसू लागले.

या प्रघाताने पुढे आलेल्यांत जॅक लिंच (१९१७–९९) हे नाव सर्वांत मोठे. शँडनच्या घंटांच्या छायेत जन्मलेला, नॉर्थ मॉनमध्ये शिकलेला लिंच हा सर्वार्थाने या वस्तीचा मुलगा. हर्लिंग ग्लेन रोव्हर्सकडून, फुटबॉल सेंट निकोलसकडून अशी त्याची विभागणी होती. १९३९ मध्ये तो कॉर्कच्या हर्लिंग संघाचा कर्णधार होता. अखिल आयर्लंड अंतिम सामना ३ सप्टेंबर रोजी, म्हणजे ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, खेळला गेला. उत्तरार्धात विजांच्या कडकडाटासह मुसळधार पाऊस कोसळला, आणि आयर्लंडमध्ये तो आजही ‘मेघगर्जनेचा अंतिम सामना’ याच अर्थाच्या नावाने ओळखला जातो. किल्केनीचे २-७ म्हणजे १३ गुण झाले, कॉर्कचे ३-३ म्हणजे १२. अवघ्या एका गुणाने हुकलेले हे पदक लिंचने पुढे भरभरून वसूल केले. १९४१ पासून कॉर्कने सलग चार वर्षे अखिल आयर्लंड हर्लिंग विजेतेपद जिंकले. १९४२ च्या संघाचा तो कर्णधार होता. १९४५ मध्ये हर्लिंगची साखळी तुटली, परंतु त्या वर्षी कॉर्कने फुटबॉलचे विजेतेपद मिळविले आणि त्या संघातही लिंच होता. १९४६ मध्ये हर्लिंगचे विजेतेपद पुन्हा कॉर्ककडे आले. अशा रीतीने ओळीने सहा वर्षे सहा अखिल आयर्लंड पदके मिळविणारा तो एकमेव खेळाडू होय. हे सहावे पदक त्याला जुळ्या क्लबांच्या व्यवस्थेने मिळवून दिले. निव्वळ हर्लिंगपटूला १९४५ चे वर्ष रिकामे गेले असते.

लिंचने शासकीय नोकरी सांभाळून वकिलीची पात्रता मिळविली व १९४८ मध्ये तो कॉर्कमधून संसदेवर निवडून आला. १९६६ ते १९७३ व १९७७ ते १९७९ या काळात त्याने पंतप्रधानपद भूषविले. त्याच्या मतांत मैदानावरील कीर्तीचा वाटा किती, हे मोजण्यास साधन नाही; तो मोठा होता याबद्दल मात्र त्याच्या विरोधकांनीही शंका घेतलेली दिसत नाही.

लिंच हा वस्तीने घडविलेला, तर क्रिस्टी रिंग (१९२०–७९) हा वस्तीने आपलासा केलेला खेळाडू. कॉर्क शहराच्या पूर्वेस असलेल्या क्लॉइन या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. कामानिमित्त तो शहरात आला आणि १९४१ मध्ये ग्लेन रोव्हर्समध्ये दाखल झाला. आठ सलग विजेतेपदांपैकी शेवटचे त्याच वर्षीचे. म्हणजे पहिली सात त्याच्यावाचून मिळाली होती. क्लबच्या सुवर्णकाळाचे सारे श्रेय रिंगला देण्याची जी प्रवृत्ती दिसते, तिला ही साधी कालगणना पुरेसे उत्तर आहे. परंतु १९४१ नंतरच्या कालखंडाविषयी बोलायचे, तर त्याच्यावाचून क्लबचा इतिहास लिहिता येणार नाही. १९४१ ते १९६७ या काळात ग्लेनने जिंकलेल्या काउंटी विजेतेपदांपैकी १४ पदके त्याच्या नावावर आहेत. कॉर्ककडून त्याने आठ अखिल आयर्लंड पदके मिळविली (१९४१–४४, १९४६, १९५२–५४) आणि १९४६, १९५३ व १९५४ या तिन्ही वर्षी तो विजेत्या संघाचा कर्णधार होता. मन्स्टर प्रांताकडून आंतरप्रांतीय स्पर्धेची १८ पदके त्याने जिंकली. उपजीविकेसाठी तो लॉरी चालवीत असे. मध्यम उंचीचा, दणकट बांध्याचा, मितभाषी असा हा माणूस. मैदानाबाहेर बुजरा, मैदानात दुर्दम्य.

१९५६ च्या अंतिम सामन्यात नववे पदक रिंगच्या आवाक्यात आले होते. अखेरच्या मिनिटांत त्याने मारलेला जोरदार फटका वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली याने अडविला आणि सामना फिरला. शिटी वाजताच वेक्सफर्डच्या खेळाडूंनी, स्वतःचा विजय बाजूला ठेवून, पराभूत रिंगला खांद्यांवर उचलून मैदानाबाहेर नेले. आयरिश क्रीडेतिहासात याहून अधिक वेळा सांगितला गेलेला प्रसंग क्वचितच असेल. १९७६ ते १९७८ या काळात कॉर्कने पुन्हा तीन सलग विजेतेपदे मिळविली, तेव्हा रिंग संघाच्या निवडसमितीत होता. २ मार्च १९७९ रोजी कॉर्क शहरात रस्त्यावरून चालत असताना तो कोसळला व मरण पावला. अंत्ययात्रेस हजारो लोकांनी गर्दी केली. क्लॉइनच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी पंतप्रधान या नात्याने भाषण करण्याची वेळ त्याच्या जुन्या सहखेळाडूवर, लिंचवर आली. शहरातील फ्लॉवर लॉज हे सॉकरचे मैदान गेलिक संघटनेने पुढे विकत घेतले आणि १९९३ मध्ये त्याला रिंगचे नाव दिले. ज्या खेळाकडे पाहणेही एकेकाळी निषिद्ध होते, त्याच खेळाच्या भूमीवर त्याचे स्मारक उभे राहिले, हा योगायोग लक्षणीय आहे.

सेंट निकोलसचा इतिहास हर्लिंगच्या या झगमगाटात झाकोळून गेला आहे. कॉर्क काउंटीचे वरिष्ठ फुटबॉल विजेतेपद या क्लबाने पाच वेळा मिळविले : १९३८, १९४१, १९५४, १९६५ व १९६६. यांपैकी पहिल्या तीन वर्षी ग्लेन रोव्हर्सनेही हर्लिंगचे विजेतेपद जिंकले होते. म्हणजे त्या वर्षी दोन्ही चषक एकाच वस्तीत आले. यावरून सेंट निकोलसचे यश म्हणजे हर्लिंगच्या भरतीचे उसळून आलेले पाणी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु १९६५ व १९६६ ही दोन्ही वर्षे ग्लेनला हर्लिंगमध्ये विजेतेपदावाचून गेली. १९६४ व १९६७ च्या हर्लिंग विजेतेपदांमध्ये सापडलेली ही दोन फुटबॉल विजेतेपदे त्या निष्कर्षात बसत नाहीत. खरी अडचण दिवसांची होती. दोन्ही स्पर्धा एकाच हंगामात चालत, खेळाडू बव्हंशी तेच, आणि दोन्हींतील अंतिम टप्पे एकमेकांवर येत. अशा वेळी ब्लॅकपूलमध्ये हर्लिंगला झुकते माप मिळे, हे २७ व ५ या आकड्यांतून दिसतेच. दक्षिणेकडील सेंट फिनबार्सने दोन्ही खेळ एकाच नावाखाली ठेवले व दोहोंतही अखिल आयर्लंड क्लब विजेतेपदे मिळविली. ब्लॅकपूलने दोन नावे ठेवली. त्यामुळे फुटबॉलला स्वतंत्र ओळख लाभली खरी, पण हर्लिंगमधील कीर्तीचा लाभ त्या नावास मिळाला नाही. डेनिस कॉफलन याच्यासारख्या खेळाडूने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून तोल सांभाळला. कॉर्ककडून त्याने १९७३ मध्ये फुटबॉलचे आणि १९७०, १९७६, १९७७ व १९७८ मध्ये हर्लिंगचे अखिल आयर्लंड पदक मिळविले.

अखिल आयर्लंड क्लब विजेतेपदाची स्पर्धा १९७०–७१ मध्ये सुरू झाली. ग्लेन रोव्हर्सने ती १९७३ मध्ये ऑफलीच्या सेंट रायनाझ क्लबला आणि १९७७ मध्ये लीश काउंटीच्या कॅम्रॉसला हरवून जिंकली. स्त्रियांच्या हर्लिंगमध्ये, म्हणजे कमोगीमध्ये, ग्लेन रोव्हर्सच्या नावाने खेळणाऱ्या संघाने १९८६, १९९०, १९९२ व १९९३ ही चार अखिल आयर्लंड क्लब विजेतेपदे मिळविली. पुरुषांच्या क्लबची उतरण सुरू असतानाच्या काळातील हे यश असूनही क्लबच्या इतिहासात त्याला सहसा एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. हा अन्यायच म्हणावा लागेल.

ही उतरण मैदानावर दिसण्यापूर्वी वस्तीत सुरू झाली होती. जुन्या, दाट, आरोग्यास अपायकारक घरांतून कुटुंबांना बाहेर काढून शहराच्या कडेला नवी घरे देण्याचे धोरण कॉर्कच्या नगरपालिकेने १९३० नंतरच अंगीकारले होते. गुरानाब्राहर, फॅरनरी, मेफील्ड अशा वसाहती टेकड्यांवर वाढल्या. राहणीमान सुधारले यात शंका नाही, आणि कोंदट खोल्यांतून सुटलेल्यांना क्लबसाठी तेथेच राहा असे कोणी म्हणणार नाही. पण मुले नव्या वस्तीत वाढू लागली व नव्या वस्तीने स्वतःचे क्लब काढले. फॅरनरी भागातील ना पीअरसी या क्लबाची स्थापना १९४३ ची. नॉर्थ मॉनमधून येणाऱ्या मुलांचा ओघ त्याने वाटून घेतला आणि १९९०, १९९५ व २००४ मध्ये काउंटीचे विजेतेपद जिंकले. कारखान्यांचीही तीच गत झाली. डनलॉपचा टायरचा कारखाना १९८३ मध्ये व फोर्डचा मोटारींचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला. हे दोन्ही ब्लॅकपूलमध्ये नव्हते, परंतु नदीच्या उत्तरेकडील कित्येक घरांची चूल त्यांवर पेटत असे. तरुणांनी इंग्लंडची वाट धरली.

१९७६ नंतर ग्लेनला पुढील काउंटी विजेतेपदासाठी १३ वर्षे थांबावे लागले. १९८९ मध्ये ते मिळाले आणि जुन्या प्रघाताचे फळ १९९० मध्ये दिसले. ग्लेनचा टॉमस मल्काही कॉर्कच्या हर्लिंग संघाचा कर्णधार झाला व त्या वर्षी कॉर्कने हर्लिंग व फुटबॉल या दोन्हींचे अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावले. त्यानंतर मात्र २६ वर्षांचा खंड पडला. आठ सलग चषकांची छायाचित्रे भिंतीवर असलेल्या क्लबगृहात एक अख्खी पिढी विजेतेपदावाचून मोठी झाली. स्पर्धेतून मात्र क्लब बाहेर पडला नाही. मुलांचे संघ चालू राहिले. ज्यांची घराणी ब्लॅकपूल सोडून गेली होती, अशा काहींची नातवंडे बसने येऊन याच क्लबात खेळू लागली. वस्तीची सीमा भूगोलातून सुटून कुटुंबाच्या आठवणीत गेली, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

पॅट्रिक हॉर्गन हा याच पिढीचा. त्याचा जन्म १९८८ चा. क्लबने १९८९ चे विजेतेपद जिंकले तेव्हा तो जेमतेम एक वर्षाचा होता. २०१० मध्ये ग्लेन अंतिम सामन्यात सार्सफील्ड्सकडून हरले. २०१५ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्यास हरवून त्यांनी २६ वे विजेतेपद मिळविले व २०१६ मध्ये एरिन्स ओन क्लबला हरवून २७ वे. त्या वर्षीच्या मन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात मात्र क्लेअर काउंटीतील बॅलीये या छोट्या क्लबाने त्यांना रोखले. हर्लिंगच्या इतिहासात सर्वाधिक गुण नोंदविणाऱ्या खेळाडूंत हॉर्गनची गणना होते. तरीही रिंगकडे आठ अखिल आयर्लंड पदके होती, तर हॉर्गनला कॉर्ककडून खेळताना एकही मिळाले नाही. २०१३ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याने मारलेल्या गुणाने कॉर्क आघाडीवर गेले. पुढच्याच क्षणी क्लेअरने बरोबरी साधली व फेरसामना जिंकला. २०२१ मध्ये लिमरिककडून, २०२४ मध्ये पुन्हा क्लेअरकडून (तोही वाढीव वेळेत, एका गुणाने) व २०२५ मध्ये टिपरेरीकडून कॉर्कचा पराभव झाला. काउंटीचे नशीब क्लबच्या हाती नसते.

क्लबच्या पातळीवर ग्लेन रोव्हर्सने २०१९, २०२० व २०२१ या तिन्ही वर्षी काउंटीच्या अंतिम सामन्यात धडक मारली. पहिल्या वर्षी पूर्व कॉर्कच्या इमोकिली या विभागीय संघाने, दुसऱ्या वर्षी ब्लॅकरॉकने वाढीव वेळेत व तिसऱ्या वर्षी मिडल्टनने त्यांना हरविले. २०२० च्या विजयामुळे ब्लॅकरॉकची विजेतेपदे ३३ झाली. सेंट फिनबार्सने २०२२ मध्ये २६ वे जिंकून ग्लेनच्या २७ च्या जवळ मजल मारली.